गृहारोग्य : टाके सुकले म्हणजे झाले काय?

पोटावरील शस्त्रक्रियेनंतर आठदहा दिवसांत टाके सुकतात, जखमेच्या जागी एक तांबूस रेघ तेवढी उरते, आणि घरातील वडीलधारी मंडळी 'सुटलो एकदाचे' म्हणून देवापुढे साखर ठेवतात. ते योग्यच आहे. संकट टळल्याचा आनंद कोणास होणार नाही? परंतु त्याच दिवसापासून घराचे लक्ष त्या जखमेवरून उडते, आणि जिच्या पोटावर ती रेघ आहे तिच्या शरीराचे खरे काम तर तेथून पुढेच चालू राहते. ते वर्षभर चालते. त्या अवधीत त्या जागेस योग्य हालचाल, जाणता हात आणि थोडी सवड मिळाली, तर पुढील कित्येक वर्षांची कुरकुर टळण्याचा संभव असतो. या उपेक्षित वर्षाविषयी आज चार शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

विषय थोड्या घरांचा नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली देशातील दर शंभर जन्मांमागे १७.२ जन्म सिझेरियन शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले होते. २०१९-२१च्या पाहणीत तोच आकडा २१.५ झाला, आणि केवळ खाजगी रुग्णालयांतील जन्म मोजले तर तो ४७.४ भरला. यांत गर्भपिशवी काढून घ्याव्या लागलेल्या काकू आणि मावश्या, आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झालेल्या मुली, या सर्वांची भर घातली, म्हणजे पोटावर अशी रेघ बाळगणारी एकही स्त्री ज्यात नाही असे एकत्र कुटुंब क्वचितच सापडेल.

आता ही रेघ म्हणजे काय ते पाहू. ओटीपोटाच्या खालच्या अंगास, कमरेच्या पट्टीखाली झाकला जाईल असा आडवा छेद हर्मान फानेनश्टील या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९०० साली वर्णिला, आणि सिझेरियनमध्ये आजही बहुधा तोच वा त्याच्यासारखा छेद घेतात. वरून दिसते ती एक रेघ. परंतु शस्त्रवैद्याला तिच्याखाली एकामागून एक थर ओलांडावे लागतात. प्रथम त्वचा, मग चरबी, मग स्नायूंवरील चिवट आवरण. त्यानंतर पोटाचे उभे स्नायू मध्यावर दूर सारून उदरपोकळीचे नाजूक अस्तर उघडायचे, आणि मग मूत्राशय संभाळून गर्भाशयाची भिंत. निरोगी शरीरात हे थर एकमेकांवरून रेशमी वस्त्रांच्या घड्यांप्रमाणे सरकत असतात. जखम भरताना शरीर घाईत असते. ते धाग्यांची गुंतवळ विणून भगदाड बुजविते, आणि त्या भरात या घड्या एकमेकींस टाचून टाकल्यासारख्या होतात.

ही विणकाम-क्रिया तीन टप्प्यांनी चालते. पहिले चारपाच दिवस दाह आणि सफाई. पुढे सुमारे तीन आठवडे नव्या धाग्यांची घाईघाईची विणी. आणि त्यानंतर कित्येक महिने, बहुधा वर्षभर वा अधिक, त्या विणीची पुनर्रचना. शेवटच्या टप्प्यात कच्चे धागे जाऊन पक्के येतात, आणि ज्या दिशेने ताण पडेल त्या दिशेने ते लागतात. भरून आलेली त्वचा मूळच्या त्वचेच्या फार तर ऐंशी टक्के बळकट होते, आणि तेवढी होण्यासही सुमारे तीन महिने लागतात. यावरून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. आरंभी त्या जागेवर जोर देणे धोक्याचे आहे. आणि पुढे तिला मुळीच हालचाल न देणे हेही हिताचे नाही. कारण पुनर्रचनेस दिशा लागते, ती हालचालीतून मिळते.

आत, उदरपोकळीतही, असेच बंध निर्माण होतात. डॉक्टर त्यांस ॲढिजन म्हणतात. आतडी, गर्भाशय, मूत्राशय, पोटाची भिंत हे सारे एरवी मोकळे असलेले अवयव तेथे परस्परांस चिकटतात. हे अपवादात्मक आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या २१० रुग्णांचे पोट पुन्हा उघडले असता शंभरात ९३ जणांत असे बंध आढळले होते. स्कॉटलंडमधील २९,७९० रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेणारा अहवाल १९९९ साली निघाला. त्यांच्यापैकी तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक लोक बंधांशी निश्चित वा संभाव्य संबंध असलेल्या तक्रारींसाठी, किंवा बंधांमुळे अवघड होऊ शकणाऱ्या नव्या शस्त्रक्रियेसाठी, पुन्हा रुग्णालयात आले होते. मात्र थेट बंधांमुळेच झालेल्या अशा भरत्या शेकडा ५.७च होत्या. म्हणजे बंध बहुतेकांस होतात, परंतु त्रास सर्वांस होत नाही. हे वाचून कोणा भगिनीने उगाच धास्ती घेऊ नये.

ज्यांना त्रास होतो, त्यांचा त्रास मात्र बोलून दाखविण्याजोगा क्वचितच समजला जातो. ताठ उभे राहिले की ओटीपोटात काही ओढल्यासारखे वाटते, म्हणून स्त्री नकळत पुढे वाकून चालू लागते, आणि मग कंबर धरते. वणाच्या वरची त्वचा बधिर असते, तर त्याच्या टोकास कपडा लागला तरी झिणझिणते; कारण छेदाच्या कडांजवळून जाणाऱ्या बारीक नसा कापल्या वा वणात अडकल्या जाऊ शकतात. लघवीची घाई होते. मूत्राशय भरताना दुखते. पतिपत्नींच्या सहवासात वेदना होतात, आणि ही गोष्ट तर सासूबाईंना सांगण्याची सोय नाही, आईला सांगण्याचा संकोच, आणि पतीला सांगितल्यास त्याला काय वाटेल ही भीती. 'बाळंतपण म्हटले की एवढे चालायचेच' या एका वाक्याखाली हे सारे गाडले जाते. वस्तुतः ही लक्षणे वैद्यकास परिचित आहेत. दुखणे पोटाच्या भिंतीतले की आतील अवयवांतले, हे ओळखण्याची एक साधी रीत जॉन कार्नेट या अमेरिकन शस्त्रवैद्याने १९२६ सालीच सांगून ठेविली आहे : दुखऱ्या जागी बोट ठेवून रुग्णास डोके व खांदे उचलावयास सांगावे, वेदना वाढली तर तिचे मूळ बहुधा भिंतीत असते. ही परीक्षा घरी करून निदान ठरवू नये. परंतु आपले दुखणे तपासता येण्याजोगे आहे एवढे भगिनींनी यावरून अवश्य जाणावे.

आमच्या आज्यापणज्यांच्या काळी शस्त्रक्रियेनंतर रुग्णास दोनदोन आठवडे अंथरुणास खिळवून ठेवण्याची पद्धत पाश्चात्त्य रुग्णालयांतही होती. ती मोडण्यास डॅनियल लेथॉसर या अमेरिकन शस्त्रवैद्याने मोठा हातभार लावला. रुग्णाला लवकर उठवून चालविण्याविषयीचा त्यांचा ग्रंथ १९४६ साली निघाला. त्याच्याही आधी, १९३६ साली, लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील मिनी रँडेल आणि नृत्यशिक्षिका मार्गारेट मॉरिस यांनी बाळंतिणी व शस्त्रक्रियेचे रुग्ण यांच्या व्यायामांवर पुस्तक लिहिले होते. आपल्याकडे फिजिओथेरपीचे पद्धतशीर शिक्षण १९५०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, तेही पोलिओच्या साथीच्या निमित्ताने. त्यामुळे की काय, हा उपचार अर्धांगाच्या झटक्यासाठी किंवा मोडलेल्या हाडासाठी, अशीच समजूत घरोघर रूढ झाली. पोटाच्या वणासाठी कोणी त्याची आठवण काढीत नाही.

उलट आपल्या घरांत दोन टोके दिसतात. एकीकडे बाळंतिणीस न्हाऊमाखू घालणारी बाई तिसऱ्या आठवड्यातच पोट रगडू लागते. दुसरीकडे, शस्त्रक्रिया झाली म्हणून वर्षानुवर्षे त्या वणास कोणी बोटही लावीत नाही, खुद्द ती स्त्रीही आंघोळीत तेथून हात चुकवून नेते. हातापायांस आणि पाठीस तेल लावणे सुखाचे आहे, त्यास कोणी हरकत घेऊ नये; परंतु कच्च्या छेदावर जोर देणे सर्वथा वर्ज्य होय. पोटास पट्टा बांधल्याने आरंभीच्या दिवसांत उठताबसता आधार वाटतो हे खरे. पण तो करकचून बांधू नये, आणि त्याने स्नायू आपोआप बळकट होतील असेही समजू नये. शेकाविषयी तर विशेष सावधगिरी हवी. वणाभोवतीची त्वचा बधिर असल्याने शेगडीचा वा रबरी पिशवीचा चटका बसलेला कळत नाही, आणि एका जखमेवर दुसरी होते.

मग करावे काय? पहिल्या दिवसांत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खोल श्वास, पावलांची हालचाल आणि थोडे थोडे चालणे एवढेच पुरे. उठताना सरळ उठू नये. कुशीवर वळून, हाताच्या आधाराने बसते व्हावे. खोकला वा शिंक येताच वणावर उशी धरावी. पहिले सहा आठवडे आपल्या तान्हुल्याहून जड ओझे उचलू नये. पाण्याची कळशी, धुण्याची बादली दुसऱ्या कोणी उचलावी.

साधारण सहाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांनी जखम तपासून संमती दिली, म्हणजे फिजिओथेरपीच्या जाणकाराकडे, शक्यतो स्त्रियांच्या तक्रारींचा अनुभव असलेल्या बाईंकडे, एकवार जावे. त्या प्रथम उभे राहणे, श्वास आणि पोटाची हालचाल पाहतात. मग वणावर हात कसा फिरवावा ते शिकवितात. पद्धत साधी आहे. बधिर वा झिणझिणणारी त्वचा असेल तर आधी मऊ सुती कापड हलकेच फिरवून तिला स्पर्शाची सवय करावी. नंतर स्वच्छ हातांनी, थोडे तेल लावून, वणाच्या आजूबाजूस आणि मग प्रत्यक्ष वणावर, दोन बोटे टेकवून त्वचा वरखाली, आडवी व गोलाकार सरकवावी. बोटे त्वचेवरून घसरू नयेत. त्वचेनेच खालच्या थरावरून सरकावे. पुढे वण चिमटीत हळू उचलून पाहावा. दिवसातून पाचदहा मिनिटे पुरतात. ओढ जाणवावी, कळ येऊ नये. लाली, पाणी वा ताप असेल तर थांबावे.

याच्या जोडीस पोटाचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू येतात. हे स्नायू आवळण्याचा व्यायाम पुष्कळांस ठाऊक असतो. परंतु जिला वेदना आहे तिचे स्नायू पुष्कळदा आधीच आवळून धरलेले असतात, आणि तिला प्रथम ते सैल सोडावयास शिकावे लागते. म्हणूनच पुस्तकात पाहून किंवा शेजारणीचे ऐकून सरसकट व्यायाम करू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. २०१२ साली जेफ्री बोव्ह आणि सुझन शॅपेल या संशोधकांनी उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर पोट बाहेरून हलकेच हाताळलेल्या उंदरांत आतील बंध कमी आढळले होते. ही गोष्ट आशादायक खरी, परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आतील जुने बंध हातांनी तोडून देऊ, त्याने अपत्यप्राप्ती करून देऊ, अशी छातीठोक हमी देणाऱ्या जाहिरातींवर भगिनींनी विश्वास ठेवून पैसा घालवू नये. वरच्या थरांचा ताठरपणा, नसांची झिणझिण, आवळलेले स्नायू आणि हालचालीची भीती यांवर मात्र या उपचाराचा उपयोग होऊ शकतो, आणि दैनंदिन दुःखाचा मोठा वाटा पुष्कळदा यांचाच असतो.

तसेच, काही लक्षणांत हात बाजूस ठेवून डॉक्टरच गाठावे. पोट फुगून कळा येऊ लागल्या, उलट्या होत आहेत आणि वारा वा शौच सरत नाही, तर आतडे बंधात अडकल्याची शंका घ्यावी. हे शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही घडू शकते, आणि तेव्हा घरगुती काढ्यात एक तासही दवडू नये. वणाजवळ गाठ लागून ती पाळीच्या दिवसांत दुखत असेल, अथवा खोकताना तेथे फुगवटा येत असेल, तरी तपासून घ्यावे.

शेवटी दोन शब्द घरातील इतर मंडळींस. वर सांगितलेल्या उपचारास खर्च थोडा आहे. लागते ती सवड आणि एकांत. चौदा माणसांच्या घरात सुनेला दार लावून दहा मिनिटे निजता येणे ही लहान गोष्ट नव्हे. तेवढा वेळ जावेने बाळाला घ्यावे, सासूबाईंनी 'दिवसा दार का लावले?' असे विचारू नये, आणि पतीने डॉक्टरांकडे जाताना सोबत करावी. ज्या सासूबाईंची पिशवी वीस वर्षांपूर्वी काढली आणि ज्या तेव्हापासून कमरेवर हात ठेवूनच उठतात, त्यांनीही आपले दुखणे आता वयावर ढकलू नये. जुन्या वणालाही मऊपणा येऊ शकतो. सून तपासणीस निघाली की त्यांनीही तिच्याबरोबर जावे. दोघींनी एकाच दिवशी आपले दुखणे मोकळेपणी बोलून दाखविले, तर त्या घरातील मुलींना तरी ते पुढे लपवावे लागणार नाही.