पाणी विकलं, रान राहिलं

ऑनसाइटला होतो तेव्हा कोलोरॅडोतल्या थॉर्नटनमध्ये राहायचो. डेन्व्हरचं उपनगर, घरोघरी हिरवंगार लॉन. स्प्रिंकलर बघून कुणाला शेतकरी आठवतोय?

एका वीकेंडला उत्तरेकडे भटकायला गेलो, तर कलीग म्हणाला, इथली बरीच शेतं थॉर्नटनची आहेत. म्हणजे आमच्या सिटी कौन्सिलची, घरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर!

झालं असं, की १९८५-८६मध्ये कौन्सिलनं लॅरिमर आणि वेल्ड काउंटीतली सुमारे शंभर शेतं गुपचूप विकत घेतली. जमिनीशी देणंघेणं नव्हतं, हवं होतं तिचं पाणी. तिथे पाण्याचा हक्क जमिनीपासून सुटा विकता येतो, फ्लॅट ठेवून नुसतं पार्किंग विकावं तसा. ज्याचा हक्क जुना, त्याचा नंबर आधी. पण पाइपलाइन कुठाय? लॅरिमर काउंटीनं २०१९मध्ये तिला चक्क नकार दिला. कोर्टकचेरी झाली, आणि होकार आला थेट २०२४मध्ये. इतकी वर्षं शहर तीच शेतं पाण्यासकट शेतकऱ्यांनाच भाड्यानं देत होतं. कमाल आहे ना?

त्या रात्री आजोबांना फोन केला. आमचा ऊस पाटाच्या पाळीवर, त्यामुळे त्यांना इंटरेस्ट.

"पाणी गेल्यावर रानात काय करणार ते?"

"गवत लावणार म्हणे. पावसावर येणारं."

"विकणारा पैसे घेऊन मोकळा झाला. शेजारच्यानं काय करायचं? पाट काय एकट्याचा असतो?"

मी म्हटलं, विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.