विश्लेषण : ‘फोटो सौजन्य : इंटरनेट’ लिहिले की काम भागते का? मोफत छायाचित्रांमागचे परवाने काय सांगतात?

सणाच्या शुभेच्छांचे पोस्टर, बचत गटाच्या लोणच्याची जाहिरात किंवा किल्ल्यावरचा ब्लॉग करताना सर्रास वापरली जाणारी पद्धत एकच. गूगलवर शोधायचे, आवडलेला फोटो उतरवून घ्यायचा आणि खाली ‘फोटो सौजन्य : इंटरनेट’ लिहायचे. एखादे दिवशी त्याच फोटोसाठी पैशांची मागणी करणारा ईमेल येऊन थडकतो. मे २०२५ मध्ये यूट्यूबर मोहक मंगल यांनी काही सेकंदांच्या चित्रफितींसाठी एएनआय या वृत्तसंस्थेने लाखो रुपये मागितल्याचा आरोप केला. आपण केवळ आपल्या हक्काची अंमलबजावणी करत असल्याची एएनआयची भूमिका होती. हा वाद चित्रफितींचा असला, तरी छायाचित्रांनाही तोच कायदा लागू होतो.

इंटरनेटवरचा फोटो कोणाचा असतो?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार छायाचित्र ही ‘कलाकृती’ आहे. फोटो काढला त्या क्षणी त्यावर हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी, © ही खूण किंवा वॉटरमार्क लागत नाही. त्यामुळे ‘फोटोवर नाव नव्हते’ हा बचाव ठरत नाही.

हक्क साधारणपणे छायाचित्रकाराचा असतो. नोकरीचा भाग म्हणून काढलेला फोटो मालकाचा, तर पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याचा मानला जातो. गूगल केवळ फोटो कुठे आहे ते दाखवते. तो वापरण्याची परवानगी देण्याचा अधिकार गूगलकडे नसतो.

मग ‘सौजन्य’ लिहून का चालत नाही?

नाव देणे आणि परवानगी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सौजन्य : गूगल’ या ओळीत तर खऱ्या छायाचित्रकाराचे नावही नसते. कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापर, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी ‘न्याय्य वापरा’ची सवलत आहे. मात्र लेख सजवण्यासाठी किंवा दुकानाच्या जाहिरातीसाठी फोटो लावणे त्यात सहसा बसत नाही. ‘दहा सेकंदांपर्यंत चालते’, ‘थोडा बदल केला की आपला होतो’ असे नियम समाजमाध्यमांवर फिरतात, पण कायद्यात असे कोणतेही ठरीव प्रमाण नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना म्हणजे काय?

‘माझे काम वापरा, पण या अटींवर’ असे निर्मात्याने आधीच सांगून ठेवण्याची ही व्यवस्था आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली आणि २००२ च्या अखेरीस पहिले परवाने आले. आज मुख्य परवाने सहा आहेत. ते चार अक्षरजोड्यांतून वाचता येतात.

‘बाय’ म्हणजे निर्मात्याचे नाव द्या. ‘एसए’ म्हणजे फोटोत बदल करून नवे काही केले, तर तेही त्याच परवान्याने खुले करा. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदललेले रूप प्रसिद्ध करू नका. म्हणजे ‘एनसी’ फोटो लोणच्याच्या जाहिरातीत चालणार नाही आणि ‘एनडी’ फोटोवर शुभेच्छांचा मजकूर चढवून तो पसरवणे अडचणीचे ठरू शकते. यांशिवाय ‘सीसी झीरो’ आहे. त्यात निर्माता आपले हक्क शक्य तितके सोडून देतो आणि नाव देण्याचीही अट राहत नाही.

असे फोटो मिळतात कुठे?

विकिमीडिया कॉमन्स हे २००४ मध्ये सुरू झालेले मोठे भांडार. तिथे १० कोटींहून अधिक फाइल्स आहेत. ‘एनसी’ आणि ‘एनडी’ अटींचे फोटो तिथे स्वीकारलेच जात नाहीत. त्यामुळे तिथला फोटो व्यवसायासाठीही वापरता येतो, मात्र बहुतेक फोटोंना नाव देण्याची अट असते. ‘ओपनव्हर्स’ या शोधयंत्रातून अनेक भांडारे एकत्र धुंडाळता येतात. गूगलच्या चित्रशोधातही वापराच्या हक्कांनुसार निकाल गाळण्याची सोय आहे. तरी परवाना मूळ पानावर जाऊनच तपासावा लागतो.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स आणि पिक्साबे येथील फोटो व्यावसायिक कामासाठीही मोफत असतात आणि नाव देणे सक्तीचे नसते. मात्र त्यांचे परवाने त्यांनी स्वतः ठरवलेले आहेत आणि ते बदलतात. अनस्प्लॅशने २०१७ मध्ये, तर पिक्साबेने २०१९ मध्ये ‘सीसी झीरो’ सोडून स्वतःचे परवाने आणले. तसाच्या तसा फोटो विकण्यास तिथे मनाई आहे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये सुमारे पावणेचार लाख प्रतिमा ‘सीसी झीरो’खाली खुल्या केल्या. अमेरिकेत संघीय सरकारच्या कामांवर कॉपीराइट नसल्याने ‘नासा’चीही बहुतेक छायाचित्रे वापरता येतात. भारतात तसे नाही. इथे सरकारी कामावरही प्रसिद्धीनंतर ६० वर्षे कॉपीराइट असतो. त्यामुळे सरकारी संकेतस्थळावरील फोटो घेण्याआधी तेथील कॉपीराइट धोरण वाचणे आवश्यक ठरते.

जुनी चित्रे आपोआप मुक्त होतात का?

भारतात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. हा काळ मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून मोजतात. राजा रविवर्मा १९०६ मध्ये, तर एम. व्ही. धुरंधर १९४४ मध्ये निवर्तले. त्यांची चित्रे भारतात सार्वजनिक मालकीची आहेत. दीनानाथ दलाल यांचे निधन १९७१ मधले. त्यांच्या चित्रांवरील हक्क सर्वसाधारण नियमाने २०३१ अखेरपर्यंत टिकेल. जुन्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ मोबाइलवर टिपून पोस्ट करताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

छायाचित्रांसाठी पूर्वी प्रसिद्धीपासून ६० वर्षे मोजत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून ६० वर्षे हा नियम त्यांनाही लागू झाला. गेटवे ऑफ इंडियासारख्या वास्तूचा फोटो काढून प्रसिद्ध करण्यास कायद्यात मुभा आहे. पण तो दुसऱ्याने काढलेला असेल, तर त्या फोटोवर त्याचा हक्क असतोच.

परवाना असूनही अडचण येते ती का?

पहिले कारण, फोटोतील माणूस. २००७ मध्ये व्हर्जिन मोबाइलच्या ऑस्ट्रेलियातील जाहिरातीत अमेरिकेतल्या एका किशोरवयीन मुलीचा फोटो झळकला. छायाचित्रकाराने तो फ्लिकरवर ‘सीसी बाय’ परवान्याने ठेवला होता. परवाना होता, पण जाहिरातीसाठी मुलीची संमती नव्हती. अमेरिकी न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर दावा फेटाळला, तरी धडा राहिलाच : छायाचित्रकाराचा परवाना फोटोतील व्यक्तीची संमती देत नाही.

दुसरे कारण, चुकीचा दावेदार. अमेरिकी छायाचित्रकार कॅरल हायस्मिथ यांनी आपली हजारो छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसमार्फत जनतेला खुली केली होती. २०१५ च्या अखेरीस त्यांनाच, स्वतःचा फोटो स्वतःच्या संस्थेच्या संकेतस्थळावर वापरल्याबद्दल १२० डॉलर मागणारे पत्र आले. त्यांनी गेटी इमेजेस व इतरांवर १०० कोटी डॉलरचा दावा लावला, पण कॉपीराइटखालील त्यांचे म्हणणे २०१६ मध्ये न्यायालयात टिकले नाही. खुला फोटोही कोणी विकू शकतो आणि त्यासाठी मागणीपत्रही येऊ शकते, हे या प्रकरणाने दाखवले.

तिसरे कारण, अपुरे श्रेय. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या जुन्या आवृत्त्यांत अट मोडली की परवाना तिथेच संपतो. २०१३ च्या ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केल्यास परवाना पुन्हा लागू होतो. किरकोळ त्रुटी शोधून भरपाई मागणाऱ्यांना परदेशात ‘कॉपीलेफ्ट ट्रोल’ असे नाव पडले आहे. म्हणूनच फोटोखालची आवृत्तीही पाहावी लागते.

शिक्षा काय? नोटीस आली तर?

जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. उल्लंघन व्यवसायातील फायद्यासाठी नसेल, तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे नोटीस, भरपाईची मागणी किंवा समाजमाध्यमांवरील कारवाईतून पुढे सरकतात. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन ‘स्ट्राइक’ बसले, तर वाहिनीच बंद होऊ शकते.

नोटीस आल्यास घाबरून लगेच पैसे भरू नयेत आणि ती केराच्या टोपलीतही टाकू नये. पाठवणाऱ्याकडे हक्काचा पुरावा मागावा, आपला परवाना तपासावा आणि चूक असल्यास फोटो काढावा. फोटो काढल्याने आधीच्या वापराची जबाबदारी मात्र संपत नाही. रक्कम मोठी असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा. निराधार धमकीविरुद्ध कलम ६० खाली न्यायालयात दाद मागता येते.

कोणती नोंद ठेवावी?

फोटो उतरवताना मूळ पानाचा दुवा, तारीख आणि परवाना दिसेल असा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. पुढे परवाना बदलला तरी हा पुरावा उपयोगी पडतो. श्रेय देताना निर्मात्याचे नाव, स्रोत, परवान्याची आवृत्ती, दोन्हींचे दुवे आणि काही बदल केला असल्यास तोही लिहावा. उदाहरणार्थ, ‘छायाचित्र : निर्मात्याचे नाव, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०, कडा कापल्या आहेत’. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेल्या फोटोबाबत यातले काहीच सांगता येत नसेल, तर तो न वापरणे उत्तम. किल्ला, देऊळ किंवा लोणच्याची बरणी जवळच असेल, तर आपल्याच मोबाइलने फोटो काढणे हा सर्वांत कमी जोखमीचा मार्ग.