यादीबाहेरचे आदिवासी

बेंगळुरूत सरजापूर रस्त्याकडच्या बांधकामांवर, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांतून संताळी आणि सादरी या भाषा कानावर पडतात. झारखंड-ओडिशातून आलेली ही माणसं इथे विटा वाहतात, सोसायट्यांची राखण करतात. त्यांच्या मुली घरकामाला राहतात. गावी ही माणसं अनुसूचित जमातीची. बेंगळुरूच्या फलाटावर उतरली की नुसती परप्रांतीय मजूर. संताळ, मुंडा, उरांव ही नावं कर्नाटकच्या यादीतच नाहीत. पुण्या-मुंबईत येणाऱ्या संताळाचीही हीच गत.

घटनेच्या 342व्या कलमाप्रमाणे जमातींची यादी राज्यागणिक ठरते. 1990 साली सर्वोच्च न्यायालयानं यावर शिक्कामोर्तब केलं. प्रकरण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचं होतं. आंध्रातल्या जमातीच्या मुलाला महाराष्ट्रात राखीव जागा नाकारली गेली. आरक्षणापुरता तो नियम मान्य करू. पण मुकादमानं मजुरी बुडवली, बाळंतपण अडलं, मुलाला शाळेत घालायचं आहे, तेव्हा यादी कशाला आडवी यावी? संताळी 2003 च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत गेली. पण पोट कुठे दुखतंय हे डॉक्टरला सांगायला संताळी बोलणाऱ्या बाईला दुभाष्या कोण देणार?

यावरचा एक मार्ग कॅनडात दिसतो. तिथल्या विनिपेगमध्ये 1959 साली शहरात येणाऱ्या मूळनिवासींसाठी मैत्री केंद्र उघडलं. आज कॅनडाभर अशी शंभरावर केंद्रं आहेत. सरकारी नोंद आहे की नाही, याची चौकशी दारात होत नाही. काम, भाड्याची खोली, दवाखाना, यांची विचारपूस होते.

असं केंद्र नसण्याची किंमत बेंगळुरूनं मोजली आहे. ऑगस्ट 2012 मध्ये हल्ल्यांच्या अफवा उठल्या आणि ईशान्येकडचे हजारो लोक, त्यांत कितीतरी आदिवासी, गुवाहाटीच्या गाड्या धरायला धावले. जादा गाड्या सोडाव्या लागल्या. घाबरून जाऊ नका, असं सरकार विनवत होतं; पण ज्या दारात रोजचा राबता नाही, तिथल्या शब्दावर जिवाची जोखीम कोण घेईल?

असं केंद्र न काढायला पैशाचं कारण सांगू नये. बांधकामाच्या खर्चावर कामगार कल्याणासाठी 1 टक्का उपकर घेतला जातो. पण बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंद व्हायला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदार बदलत हिंडणाऱ्या मजुराला तो मिळवणंच जड जातं. सुरुवात तिथूनच करावी: अर्ज भरून देणारा एक माणूस, संताळी-सादरी बोलणारी एक बाई, दवाखान्यात सोबत जाणारं कोणी. जागेसाठी नवी इमारत नको. आदिवासींसाठी सरकारनं जागोजागी बांधलेल्या वाल्मीकी भवनांतली एखादी खोली पुरे. मात्र ती रविवारी उघडी हवी. घरकामाला राहणाऱ्या मुलींना सुटी मिळालीच तर त्या दिवशी मिळते.