गाणें कोणाचें, वही कोणाची?

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गोंड-माडियांच्या चालीरीती आणि गाणीं लुप्त होण्यापूर्वीं टिपून ठेविलीं पाहिजेत, असा पुकारा आपल्या साहित्यवर्तुळांत वारंवार ऐकूं येतो. पुकारा करणारांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. त्यांची रीत मात्र आम्हांस मान्य नाहीं.

शहरांतील एखादे विद्वान गृहस्थ भामरागड किंवा एटापल्लीकडे चार दिवस जातात, दुभाष्याकडून रेल्याच्या गाण्यांचा अर्थ विचारून घेतात, तो मराठींत उतरवितात, वर प्रस्तावना जोडतात, आणि पुस्तक सिद्ध होतें. मूळ शब्द त्यांत बहुधा नसतातच. वस्तुतः गोंडी व माडिया या द्राविड कुळांतील भाषा. तेलुगूशीं त्यांचें नातें आहे, मराठीशीं केवळ शेजार. अशा भाषेंतील गाण्याचा मराठी अर्थ तेवढा ठेवून मूळ टाकून देणें म्हणजे तुकोबांचे अभंग इंग्रजी गद्यांत छापून गाथा इंद्रायणींत सोडून देण्यासारखें आहे. (ती गाथा वर आली, ही गोष्ट निराळी.)

या बाबतींत दीडशें वर्षांपूर्वींचा एक परदेशी पाद्री आपल्याहून सावध होता, हें लिहितांना संकोच वाटतो. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप १८६३ सालीं वारले. त्यांचीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांत लिंगोचें दीर्घ गीत मूळ गोंडी शब्दांसह आहे. रोमन लिपींत कां होईना, मूळ वांचलें. मात्र ग्रंथावर नांव हिस्लॉपचें; ज्या परधानानें तें सांगितलें त्याचें नव्हे. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. किंगरीच्या साथीनें देवांच्या कथा व कुळांच्या वंशावळी गाण्याचा हक्क त्यांचा, आणि त्याबद्दल यजमानाकडून दान घेण्याचाही. कोणाचे देव चार, कोणाचे पांच, सहा वा सात, आणि म्हणून कोणाशीं सोयरीक व्हावी वा होऊं नये, हें ज्या परंपरेवरून ठरतें ती मुखोद्गत ठेवणाऱ्यास आपण ‘माहिती देणारा’ म्हणून तळटीपेंत बसवितों! आपल्या घरच्या पुराणिकबुवांस कोणी असें संबोधिलें तर खपेल काय?

गोटुलाची तर गोष्टच बोलूं नये. बस्तरच्या मुरियांवरील एल्विन यांचा ग्रंथ १९४७ सालीं निघाला, आणि तेव्हांपासून तो शब्द कानीं पडतांच सुशिक्षितांचे कान टवकारतात. तें गीतांसाठीं खास नव्हे. गडचिरोलीकडे गोटुल ही गांवाच्या बैठकीची व पाहुण्यास उतरण्याची जागा आहे, हें ऐकून घेण्यास मग कोणास सवड नसते.

‘तुम्ही वाद घालीत बसाल, आणि म्हातारे गायक निघून जातील,’ असा आक्षेप येतो. जातील, हें खरें. पण गाणें गायकाबरोबर जातें तें नातवास ती भाषा येईनाशी होते म्हणून. धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२ सालीं जिल्हा परिषदेच्या शिक्षण खात्यानें ती अनधिकृत ठरवून नोटीस बजाविली, आणि प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून देण्याची सोय करावी, असें राज्यघटनेचें ३५०-अ हें कलम सांगतें. २०११ च्या खानेसुमारींत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक भरले. लोकगीतांसाठीं हळहळणाऱ्या आमच्या किती लेखकांनीं या शाळेसाठीं चार ओळी लिहिल्या?

त्याच तालुक्यांत मेंढा (लेखा) गांव आहे. वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं तेथील ग्रामसभेस सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथला बांबू न्यावयाचा तर ग्रामसभेस विचारावें लागतें. गाणें मात्र कोणीही उचलून न्यावें!

आमची मागणी मोठी नाहीं. मूळ शब्द आधीं, अर्थ खालीं, गायकाची हरकत नसेल तर मुखपृष्ठावर त्याचें नांव, गांवाची संमति, आणि छापल्यावर पहिल्या प्रती त्याच गांवांत. असा ग्रंथ अभिप्रायार्थ येईल त्या महिन्यांत या मासिकाचीं पहिलीं पानें त्यास देऊं. तोंवर केवळ मराठी अर्थांच्या संग्रहांचीं परीक्षणें येथें छापलीं जाणार नाहींत. प्रकाशकांनीं प्रती पाठविण्याची तसदी घेऊं नये.