नॉब की कळ?

विजेच्या गिटारीवरील आवाज व स्वरपोत यांचे नॉब काढून कळा बसवाव्यात, असे आमचे विंचूरचे काही वादनप्रिय विद्यार्थिमित्र म्हणतात. एकदा ठरविलेला आवाज कळीने क्षणात व अचूक परत मिळतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु कळ ठराविक पायऱ्याच देते; हळूहळू चढणारा, हळूहळू विरणारा स्वर तिच्या आवाक्याबाहेरचा.

पाचगणीस शिकलेले गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे सहकारी ब्रायन मे यांनी १९६३ साली वडिलांसह स्वहस्ते गिटार घडविण्यास आरंभ केला. तीत तीन ध्वनिग्राहकांची निवड व जुळणी यांसाठी सहा कळा आहेत. आवाज व पोत यांस मात्र एकेक नॉबच. निवडीस कळ, तारतम्यास नॉब, हाच विवेक आम्हांस ग्राह्य वाटतो. मित्रांनी पेचकस हाती घेण्यापूर्वी याचा अवश्य विचार करावा.