गाण्यातले शेत आणि शेतातले गाणे

आपल्या समीक्षेत ‘आनंदी शेत’ हा शब्दप्रयोग बराच काळ संशयित म्हणून वावरतो आहे. एखाद्या बालगीतात बैल घुंगरू वाजवत चालला, कणसे डोलली, शेतकरीदादा हसला, की आपल्यातला अध्यापक लगेच सावध होतो. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि १९८७ मध्ये आनंद यादवांची ‘झोंबी’ आली, त्यानंतर डोलणाऱ्या कणसांकडे निरागसपणे पाहणे कुणालाही अवघडच. मध्यंतरी एका चर्चासत्रात एका अभ्यासकाने असा ठराविक मुद्दा मांडला, की मुलांसाठीची हलकीफुलकी शेतीगाणी म्हणजे मध्यमवर्गाने स्वतःच्या समाधानासाठी रचलेले खोटे आहे आणि ती शिकवणेच बंद करावे. सभागृहात माना डोलल्या. (कणसांसारख्याच, असे मनात आले, पण ते असो.)

मला हा आरोप मान्य नाही. खोटेपणा या गाण्यांत आहेच, परंतु तो त्यांच्या हलकेपणात नाही.

आज शहरातल्याच काय, तालुक्याच्या गावातल्या बालवाडीतही शेताचे जे पहिले गाणे मुलाच्या कानी पडते, ते बहुधा मॅकडोनाल्ड नावाच्या म्हाताऱ्याचे असते. या गाण्याचा इतिहास रंजक आहे. त्याचा एक पूर्वज थॉमस डर्फीच्या १७०६ च्या एका संगीतिकेत सापडतो. १९१७ मध्ये ‘टॉमीज ट्यून्स’ या नावाने पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या गाण्यांचा संग्रह निघाला, त्यातही ते आहे. तिथे शेतकऱ्याचे नाव मॅकडूगल असून त्याचे शेत अमेरिकेतल्या ओहायोत आहे. म्हणजे ज्याला आपण निव्वळ शिशुगीत समजतो, ते युद्धावर गेलेले तरुण गात होते. का गात असतील, हे समजणे कठीण नाही. एकेक प्राणी वाढवत नेणारी, मागचे सगळे आवाज पुन्हा घ्यायला लावणारी ही रचना म्हणजे स्मरणशक्तीचा खेळ आहे आणि सामूहिक गायनाला तिच्याइतके सोपे निमित्त नाही. हे गाणे शेतीविषयी काही सांगण्याचा आव आणत नाही. त्यात नांगरणी नाही, पाऊस नाही, पीकही नाही. आहे ती प्राण्यांची हजेरी. त्या कामात ते उत्तम आहे.

अडचण सुरू होते ती त्याच्या पडद्यावरील मराठी अवतारांत. लाल रंगाचे लाकडी कोठार, पांढरे कुंपण, खाणेपिणे करून गुबगुबीत झालेले गुलाबी डुक्कर, हसऱ्या चेहऱ्याचा ट्रॅक्टर हे सगळे जसेच्या तसे राहते आणि वर मराठी शब्द चिकटवले जातात. गाय ‘मू’ करते. मराठीत गाय हंबरते, म्हैस रेकते, बैल डुरकतो, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो, कुत्रे भुंकते आणि मार बसला की केकाटते. प्रत्येक जनावराला स्वतंत्र क्रियापद देणारी ही भाषा आहे, आणि असे क्रियापद जवळ राहिल्यावाचून जन्मत नाही. हंबरणे हा केवळ ध्वनी नव्हे. वासराला उद्देशून असलेली ती हाक आहे, म्हणूनच आईच्या व्याकुळतेसाठी आपण ते क्रियापद वापरतो. ‘मू’ला असा कुणी श्रोता नसतो. माझी तक्रार परकेपणाविषयी नाही, हेही नोंदवतो. ओहायोचे शेत ओहायोत असेल तर ते खरेच आहे. पडद्यावरचे हे शेत मात्र कुठेच नाही.

आपल्या स्वतःच्या बालकवितेने ही जागा भरून काढली, असेही म्हणवत नाही. मराठी बालकविता श्रेष्ठ आहे, पण तिचा पत्ता बहुतांशी शहरातला आहे. विंदांच्या १९६१ च्या संग्रहाचे नावच ‘राणीची बाग’ आहे: प्राणी भरपूर, कल्पनेची धमाल भरपूर, परंतु प्राणी भेटतात ते मुंबईतल्या प्राणिसंग्रहालयात. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातले गदिमांचे, पु. लं. नी संगीत दिलेले आणि आशाबाईंनी गायलेले मोराचे गाणे आंब्याच्या वनात घडते. पाऊस तिथे नाचायला येतो, पेरणीला नव्हे. यात न्यून काही नाही. बालमासिकांचा वाचक कोण होता आणि लिहिणारा कुठे राहत होता, याचा तो सरळ परिणाम आहे. शेत त्या कवितेत आले ते सुट्टीतल्या पाहुण्यासारखे.

मग हलकेफुलके, गाणारे शेत मराठीत होते कुठे? ते कामात होते.

मोटेचे उदाहरण घेऊ, कारण ज्यांनी मोट पाहिली आहे अशी पिढी आता थोडी उरली आहे आणि आपले विद्यार्थी ‘मोट बांधणे’ हा वाक्प्रचार राजकारणाच्या बातम्यांतूनच ओळखतात. विहिरीच्या काठापासून उताराची वाट काढलेली असे, तिला धाव म्हणत. बैल धावेवरून खाली जात, नाडा ताणला जाई, चाक करकरे आणि पाण्याने भरलेली चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात ओती. मग बैलांनी उलट्या पावलांनी पुन्हा वर यायचे. हे दिवसभर, शेकडो वेळा. मोटकरी गात असे तो या दोन चालींच्या मधल्या पोकळीत. खाली जाताना तो बहुधा नाड्यावर बसलेला असे, म्हणजे त्याच्या गळ्याला तेवढी सवड होती. गाण्याची लांबी बैलांच्या फेरीने ठरे; कवीने छंद निवडलेला नाही, धावेने निवडलेला आहे. पाटाच्या दुसऱ्या टोकाला वाफ्यात दारे धरणारी बाई किंवा पोर असे. गाणे थांबले की मागोमाग पाणी थांबणार, हे त्या पोराला न सांगता कळे. छंदःशास्त्र शिकवताना आपण लय म्हणजे काय हे फळ्यावर खुणा करून सांगतो. त्या पोराला ती पाण्याच्या रूपाने पायापाशी मिळत होती.

भलरीचेही तेच. कापणीला माणसे ओळीने वाकलेली असतात, एकजण ओळ टाकतो, बाकीचे भलरीचा पालुपद धरतात आणि मागे पडणाऱ्याचा हात आपोआप पुढच्याशी जुळतो. या गाण्यांत थट्टा असते, चावट टोमणे असतात, कुणाच्या आळशीपणाची उणीदुणी असतात. कष्ट नाकारण्यासाठी तो हलकेपणा आलेला नाही. वाकलेली पाठ दुपारपर्यंत वाकलेली राहावी यासाठी तो लागतो. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, १९५२ मध्ये आले. त्यात पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी यांना स्वतंत्र गाणी आहेत आणि त्यांतला विनोद वाचताना कष्ट कमी झाल्याचा भास कुठेही होत नाही. आपण त्या गाण्यांतले तत्त्वज्ञान परीक्षेत विचारतो. विनोद विचारल्याचे मला तरी आठवत नाही.

आता मुलांच्या, म्हणजे नेमके सांगायचे तर मुलींच्या, गाण्याकडे येऊ. भोंडल्यातले कारल्याच्या वेलाचे गाणे सर्वांच्या परिचयाचे आहे. सून माहेरी जाऊ का विचारते. सासू म्हणते, आधी वेल लाव. वेल लावला, तर त्याला फूल येऊ दे. फूल आले, तर कारले लागू दे. मग भाजी कर, मग खा, मग उष्टी काढ. प्रत्येक पायरीवर सुनेचे तेच नम्र उत्तर आणि तीच विनंती. रचनेच्या दृष्टीने हे मॅकडोनाल्डचेच भावंड आहे: एकेक कडी वाढवत जायची, फेर धरून, हस्ताच्या पाऊसपाण्यात, मध्ये पाटावर हत्ती मांडून आणि शेवटी खिरापत ओळखायच्या आशेवर. पण इथे वाढत जाते ते शेतीचे काम आणि त्याबरोबर वाढते ती वाट पाहणे. बी रुजायला लागणारा काळ हा सासूच्या हातातले हत्यार बनतो. वेलीला घाई करता येत नाही; सुनेलाही. आठ-दहा वर्षांची मुलगी हे हसत गाते आणि आपल्याला पुढे काय वाढून ठेवले आहे त्याची रूपरेषा पाठ करते. पीक म्हणून कारलेच का, हेही विचारण्याजोगे आहे. इतके खेळकर आणि इतके कठोर गाणे बालगीतांच्या कुठल्या संग्रहात मानाने छापले गेले असते, याची मला शंका आहे. ते भोंडल्यात टिकले, कारण तिथे संपादक नव्हता.

विदर्भातला पोळा हा आणखी एक पुरावा. श्रावणी अमावास्येला बैल तोरणाखाली उभे राहतात आणि झडत्या सुरू होतात. देवाचे नाव घेऊन सुरुवात, आणि मग सावकार, पुढारी, शेजारचा गाव, पिकाचा भाव, कुणाचीच गय नाही. एकाने म्हटली की दुसऱ्याने वरचढ म्हणायची. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा: मुले चाकांचे लाकडी बैल सजवून आणतात, घरोघर नेतात, खाऊ मिळवतात, आणि आदल्या दिवशी ऐकलेल्या झडत्या त्यांच्या तोंडी असतात. सावकारावरचा उपरोध सहा वर्षांच्या मुलाला कळतो का? पुरता नसेल कळत. पण शेती हा सण आहे आणि भांडणही आहे, या दोन्ही गोष्टी त्याला एकाच चालीत मिळतात. नागपूरकडच्या शहरी वस्त्यांतही तान्हा पोळा भरतो. बैल न पाहिलेल्या मुलाच्या हाती लाकडी बैल येतो, यात हसण्यासारखे काही नाही. झडती मात्र अनेक ठिकाणी वेशभूषेच्या स्पर्धेपुढे मागे पडली, याचे वाईट वाटते.

इथे एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे: हे सारे गेलेल्या दिवसांचे गोडवे नव्हेत काय? नव्हेत, असे मी ठामपणे म्हणेन. इंजिन आणि विजेचा पंप आले, मोट गेली, आणि ती गेली हे बरेच झाले. गिरणी आली तेव्हा पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईने अश्रू ढाळले नाहीत. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळू लागल्या, ओव्या जपायच्या म्हणून जाते परत आणा, असे कुणी म्हणत नाही. आनंद यादवांचेच पाहा. १९६० मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले ते ‘हिरवे जग’ हा कवितासंग्रह, आणि तब्बल सत्तावीस वर्षांनी ‘झोंबी’. शाळेसाठी बापाशी झगडणारे पोर आणि हिरव्या जगाचे गाणे लिहिणारा कवी हा एकच मनुष्य. समीक्षेने दुसऱ्या पुस्तकाने पहिले रद्द झाले असे मानले. मला ती दोन पुस्तके एकमेकांना साक्ष देताना दिसतात.

तेव्हा प्रश्न जुनी गाणी परत आणण्याचा नाही. आजच्या शेताला मुलांचे गाणे का नाही, हा आहे. विषयांची वानवा आहे काय? रात्री येणारी वीज आणि ती आली की बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघालेला बाप; वाटेत बिबट्याची भीती; ठिबकच्या नळीला उंदराने पाडलेले छिद्र आणि त्यातून उडणारे कारंजे; ट्रॅक्टरवर कर्णा लावून वाजणारी गाणी, ज्यांनी नांगरणाऱ्याचा स्वतःचा गळा बंद केला. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेले मूल बैलगाडीच्या चाकाशी खेळत असते. त्याच्या कोपीपर्यंत मोबाइल पोहोचला आहे आणि त्यावर तोच म्हातारा मॅकडोनाल्ड गातो आहे. त्या मुलाच्या आसपास खरी गुरे आहेत, खरा चिखल आहे, आणि गाण्यात लाल कोठार आहे. त्याला दुःखाची कविता देऊन त्याचे भले होईल, असे मला वाटत नाही. दुःख त्याला पुरेसे ठाऊक आहे. त्याच्या गाडीची, त्याच्या बैलांची, मुकादमाची थट्टा करता येईल असे गाणे त्याला हवे आहे, आणि ते लिहिणे ‘वास्तववादी’ कवितेपेक्षा कितीतरी अवघड आहे.

लोकसाहित्याच्या तासाला मी काही वर्षांपासून एक गृहपाठ देतो: भोंडल्याचे किंवा पोळ्याचे माहीत असलेले एक गाणे घ्या, चाल तीच ठेवा, पीक मात्र आपल्या घरचे घाला. बहुतेकजण आंतरजालावरून मूळ गाणेच उतरवून आणतात, ती हकिकत वेगळी. गेल्या वर्षी एका मुलीने कारल्याच्या जागी शेडनेटमधली ढोबळी मिरची लावली. सासू म्हणते फवारणी होऊ दे, मग तोडा होऊ दे, मग गाडी भरू दे, मग आडत्याची पट्टी येऊ दे. मुलींनी वर्गातच बाके सरकवून फेर धरला. मुलगे आधी हसले, नंतर पट्टीच्या कडव्याला तेही टाळ्या देऊ लागले, कारण त्यातल्या निम्म्यांच्या घरची पट्टी यायची होती. लिहिलेले कागद मी जपून ठेवले आहेत. ‘आडत्या’ आणि ‘पट्टी’ हे शब्द आपल्या विभागातल्या कुणाला समजावून सांगावे लागले, तर त्या मुलीलाच बोलवावे असा विचार आहे.