वाचन महिन्यात मोजायचे काय?



येत्या ऑगस्टमध्ये शाळेत वाचन-संकल्पाचा महिना करायचा, यावर सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो रीतीबद्दल. महिनाभरात जो जास्तीत जास्त पुस्तके वाचेल त्याला पहिले बक्षीस द्यावे, असे बऱ्याच पालकांना वाटते. शाळेचे पुस्तकांचे कपाट सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींना ही रीत मान्य नाही, आणि का नाही ते इथे मांडतो.

आकडा मोजला की मुले आकड्याप्रमाणे वाचतात, त्यात मुलांचा दोष नाही. सोळा पानांची बोधकथा एका मधल्या सुट्टीत संपते, मग लगेच दुसरी. महिनाअखेर वहीत पंचवीस नावे होतात आणि पंचविसांतही तोच लबाड कोल्हा, तोच प्रामाणिक लाकूडतोड्या. पहिली-दुसरीच्या मुलांना हे चालते. त्यांची अक्षरावरची नजर बसते, म्हणून त्यांच्यापुरता आकडा ठेवायला आमची हरकत नाही. पण आठवीतल्या मुलीनेही महिनाभर हेच वाचले, तर मराठीत आपल्या वयाचे काही नाहीच, असे ती ठरवून टाकते. इच्छापोरला हा धोका अधिक आहे. इथे आपली मुले रस्त्यावर गुजराती बोलतात, टीव्हीवर हिंदी ऐकतात, पुढच्या शिक्षणासाठी इंग्रजीकडे बघतात. मराठी पुस्तके येतात ती बहुधा गावाहून, आंब्याच्या लोणच्याच्या बरणीशेजारी पिशवीत घालून. तेराव्या वर्षी मराठी पुस्तक हातातून सुटले, की ते पुन्हा हातात येणे कठीण.

म्हणून आमची सूचना अशी की या महिन्यात पुस्तके नव्हे, तऱ्हा मोजू या. चार आठवड्यांत चार वेगळ्या तऱ्हेचे वाचन. पुस्तक संपलेच पाहिजे असेही नाही. ‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले, आणि त्यातले प्रकरण म्हणजे एकेक ‘रात्र’. सात दिवस सात रात्री वाचल्या, तर तो आठवडा पुरा धरावा. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. आपल्यापैकी निम्मी घरे खानदेशातली, तेव्हा आजोबांना त्या गावाबद्दल विचारायलाही हरकत नाही.

सुरुवात गोष्टीने व्हावी. १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे यांची जयंती असते (जन्म १९२०). नववी-दहावीच्या मुलांना त्यांची ‘फकिरा’ खुशाल द्यावी. ‘अजून लहान आहेत’ म्हणून आपण मुलांना जरा जास्तच जपतो. पाचवी-सहावीसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच.

दुसरी तऱ्हा खऱ्या घडलेल्याची. इथे मात्र थोडा विचार हवा, कारण ‘खरे’ म्हटले की आपण थोरांची चरित्रे काढतो आणि तिथेच थांबतो. जयंत नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ हेही आत्मचरित्रच, पण त्यात गणित आहे, केंब्रिज आहे, वडील-मुलाच्या गप्पा आहेत. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांविषयी आहे. मुंबईला जाताना गाडी उंबरगाव सोडून डहाणूकडे धावते, त्या रुळांच्या दोन्ही अंगांची ती माणसे. दहावीच्या मुलाने ते वाचले तर पुढच्या वेळी खिडकीतून तो नुसती ताडाची झाडे बघणार नाही.

आणि सुरत? जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०, शिवाजी महाराजांच्या दोन्ही स्वाऱ्या आपल्या मुलांना पाठ असतात. पण ती ज्या बाकावर बसतात तिथे शेजारी सुरतेच्याच घरातले मूल असते. वीरजी व्होरा हा इथला नावाजलेला सावकार १६६४ मध्ये लुटला गेला, इंग्रजांचा ऑक्झेंडन आपली वखार धरून बसला, मोगल सुभेदार किल्ल्यात दडला. तीच घटना मराठी पुस्तकातून एकदा आणि सुरतेच्या इतिहासातून एकदा वाचावी. महाराजांवरचे प्रेम त्याने कमी होत नाही. स्वारी का झाली, पैसा कशासाठी हवा होता, हे उलट जास्त कळते, आणि वर्गात कोणी टोमणा मारला तर हमरीतुमरीवर न येता उत्तर देता येते. जवळच्या सुवाळीच्या समुद्रात १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज लढले होते. रविवारी सुवाळीला भजी खायला जाणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक असेल?

तिसरी तऱ्हा मोठ्याने वाचायची. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या-कविता घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि त्या गेल्यावर, १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. त्यांचा जन्म नागपंचमीचा, आणि नागपंचमी बहुतेक वर्षी ऑगस्टमध्येच पडते. पुण्याकडच्या प्रमाण मराठीत वाढलेल्या शिक्षकांपेक्षा आपल्याकडच्या आज्याच त्या नीट वाचतील. ज्या आजीला वाचता येत नाही तिने अहिराणीत गोष्ट सांगावी आणि नातवाने ती लिहून काढावी. तेही वाचनच धरू.

चौथ्या तऱ्हेवर सभेत सर्वांत जास्त आवाज चढला, कारण आम्ही गुजराती पुस्तक सुचवले. मराठी शाळेच्या महिन्यात गुजराती कशाला? २४ ऑगस्ट हा कवी नर्मदांचा जन्मदिवस (१८३३). ते सुरतेचे, आणि त्यांच्या नावाने हा दिवस गुजराती भाषेचा म्हणून पाळतात. काकासाहेब कालेलकर जन्मले साताऱ्यात, मातृभाषा मराठी. लिहिले मुख्यतः गुजरातीत. गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत आणि १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना गुजरातीसाठीच मिळाला. लहानपणच्या आठवणींचे त्यांचे ‘स्मरणयात्रा’ आपल्या मुलांना सहज वाचता येईल. लहानांना गिजुभाई किंवा जीवराम जोशींचा मियाँ फुसकी चालेल. अट एकच: गुजरातीत वाचलेले घरी मराठीत सांगायचे. ‘मस्ती’ला, ‘धमाल’ला मराठीत नेमके काय म्हणायचे यासाठी मूल थांबते, शोधते, आजीला विचारते. मराठीचा एवढा व्यायाम चार बोधकथांनी होत नाही.

पुस्तके आणायची कुठून, हा प्रश्न रास्त आहे. गुजरातीसाठी घोडदोड रोडवरचे कवी नर्मद मध्यस्थ ग्रंथालय आहे. ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढते, आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. बाकीसाठी सयाजीराव महाराजांची युक्ती वापरू. त्यांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले आणि संस्थानभर ग्रंथालये उभी केली. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरवल्या. इथून जवळचे नवसारी तेव्हा बडोदे संस्थानातच होते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजनाही २००९ पासून पेट्यांवरच चालते, एका पेटीत शंभर पुस्तके.

आपल्याला शंभर नकोत, चार पेट्या पुरेत. प्रत्येक पेटी एका सोसायटीत आठवडाभर राहील आणि शनिवारी पुढच्या सोसायटीत जाईल. रोज रात्री आठला वाचन, असा नियम आम्ही मुद्दाम केलेला नाही. हजिऱ्याच्या कारखान्यांत ज्यांची शिफ्ट फिरते त्या घरांत आठ वाजता कोणी झोपलेले असते, कोणी निघालेले. वेळ ज्याने त्याने ठरवावी.

पेट्यांसाठी पुस्तके जुलैच्या शेवटच्या शनिवारपर्यंत शाळेत आणून द्यावीत. जुने दिवाळी अंक चालतील, फाटकी मुखपृष्ठेही चालतील, ती आम्ही चिकटवू. कृपया बोधकथा मात्र आता पुरे. कपाटात त्या भरपूर आहेत.